कापडी सोफा, गालिचा आणि फॅब्रिक प्रोटेक्टर: कधी मारावा, किती मारावा, कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिक्या बदामी रंगाचा तीन जणांचा कापडी सोफा आणि ८ बाय १० फुटांचा गालिचा नवीन घेतला आहे, घरात दोन लहान मुलं आहेत. दुकानदार फॅब्रिक प्रोटेक्टरचे, म्हणजे कापडावर फवारायच्या डागरोधक औषधाचे, वेगळे पैसे मागतो आहे. ते द्यावेत का, घरच्या घरी मारता येईल का, किती टिकतो आणि मुलांच्या दृष्टीने कितपत सुरक्षित आहे?

प्रोटेक्टर मारल्याने सोफा डागप्रूफ होत नाही. सांडलेलं टिपून घ्यायला तुम्हाला काही मिनिटं मिळतात, एवढंच. साध्या सुती कापडावर चहा पडला की दोन-तीन सेकंदांत आत मुरतो. नीट प्रोटेक्टर बसलेल्या कापडावर तोच चहा काही मिनिटं थेंबांच्या रूपात वर राहतो. तेवढ्यात फडकं आणलंत तर काम झालं. पण त्याच थेंबावर कोणी कोपर टेकवलं किंवा मूल येऊन बसलं, तर तो दाबाने आत जाणारच. कारण प्रोटेक्टर म्हणजे कापडावर पसरलेला प्लास्टिकचा कागद नव्हे. प्रत्येक धाग्याभोवती अतिशय पातळ थर बसतो आणि धाग्यांमधल्या फटी तशाच उघड्या राहतात. म्हणून हवा खेळते आणि कापड मऊ राहतं. दाबलेला द्रव आत शिरतो तोही याच फटींतून.

आता कोणता घ्यायचा, हे आपल्या स्वयंपाकघराकडे बघून ठरवावं लागतं. पाण्याचा पृष्ठताण (द्रवाची थेंब म्हणून एकवटून राहायची ओढ) साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, खाद्यतेलाचा ३० ते ३५. द्रव न पसरता थेंब म्हणून राहायचा, तर धाग्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला स्वतःकडे ओढून पसरवायची ताकद, त्याहून बरीच खाली हवी. मेण आणि सिलिकॉनच्या प्रोटेक्टरची ती २० ते ३० च्या घरात असते. त्यावर पाणी, सरबत, दूध छान घरंगळतं, पण फोडणीचं तेल पसरतंच. फ्लुओरो (म्हणजे फ्लोरिन असलेल्या) रसायनांची १० ते १५ पर्यंत उतरते, म्हणून तेल अडवायचं काम तीच नीट करतात. दुकानात दाखवतात तो प्रयोग नेहमी पाण्याचा किंवा कोल्ड्रिंकचा असतो. विक्रेत्याला शेंगदाणा तेलाचा एक थेंब टाकून दाखवायला सांगा, मग डब्यात काय आहे ते कळेल.

पण फ्लुओरो रसायनांची दुसरी बाजूही आहे. या धंद्यातलं सर्वांत जुनं नाव स्कॉचगार्ड, १९५६ पासून बाजारात आहे. त्यातलं मूळ रसायन निसर्गात विघटित होत नाही आणि शरीरात साठतं, हे पुढे आल्यावर थ्रीएम कंपनीने २००० मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं आणि नंतर लहान साखळीच्या रसायनाकडे वळली. याच कुळातली दोन रसायनं, पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये, न विघटणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम करारात आली. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून पीएफएएस (फ्लुओरो रसायनांचं हे अख्खं कुळ) मुद्दाम घातलेलं नवं कापड विकायलाच बंदी आहे, त्यात सोफ्याचं कापडही आलं. तिकडे राहणाऱ्यांना दुकानात मुख्यतः ‘पीएफएएस-मुक्त’ माल दिसेल. तो पाण्याला चांगला आहे, तेलाला कमी. घरात रांगतं मूल असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पाण्यात मिसळलेला, पीएफएएस-मुक्त प्रोटेक्टर घ्या आणि तेलासाठी धुता येईल असं सोफा-कव्हर किंवा टॉवेल वापरा. मूल सोफ्याची कड तोंडात घालतं, त्यापुढे तेलाचा डाग परवडला.

कापड कोणतं आहे ते न बघता प्रोटेक्टरवर पैसे घालवू नका. लेबल नसेल तर शिवणीच्या आतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत नेऊन जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस, लिनन किंवा व्हिस्कोस. केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरडणारी काळी गुठळी म्हणजे लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. सोफ्यावर सुती, लिनन आणि शनीलला प्रोटेक्टरचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, फिक्या पॉलिएस्टरलाही बऱ्यापैकी. रेक्झिन आणि चामड्यावर हे औषध मारायचंच नाही, त्यांची निगा वेगळी.

गालिच्यांत मशीनवर विणलेला पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा असेल तर पैसे वाचवा. तो धागा पाणी शोषतच नाही आणि रंगही आधीच धाग्यात मिसळलेला असतो. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूरकडचा लोकरी गालिचा असेल तर लोकरीचा वरचा थर मुळातच पाणी थोडा वेळ बाहेर थोपवून धरतो. तिथे प्रोटेक्टर चालतो, पण पातळ. आणि ‘बांबू सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकलेला चमकदार गालिचा बहुतेक वेळा व्हिस्कोसचा असतो. पाणी लागलं की त्याची लव आडवी पडते आणि पिवळट कडा उमटतात. त्यावर पाण्याचा प्रोटेक्टर घरी मारायचा विचारही करू नका. ताग आणि सिसलचं (घायपाताच्या धाग्याचं) तेच, ओलं झालं की तपकिरी डाग वर येतात.

परदेशी बनावटीच्या सोफ्याला उशीखाली सफाईच्या खुणेची पट्टी असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याचं चालेल, ‘एस’ म्हणजे फक्त सॉल्व्हंटचं (पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकाचं), ‘डब्ल्यूएस’ म्हणजे दोन्ही, ‘एक्स’ म्हणजे फक्त व्हॅक्युम. ‘एक्स’ असेल तर प्रकरण तिथेच संपलं.

दुकानदाराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: डब्याचं नाव, कापड कारखान्यातच प्रक्रिया होऊन आलं आहे का, आणि ‘पाच वर्षांची हमी’ असेल तर त्यात काय वगळलं आहे. बहुतेक अशा योजनांत हळद, शाई, मेंदी, लघवी आणि ‘साठत गेलेला मळ’ वगळलेला असतो. आपल्या घरात दुसरे कुठले डाग पडतात?

कारखान्यातली प्रक्रिया ओळखायला सोफ्याच्या मागच्या खालच्या बाजूला पाण्याचे तीन थेंब टाकून मिनिटभर थांबा. गोल उभे राहिले तर थर आधीच आहे. सध्या काही करू नका. विशेष म्हणजे आधीचा थर सिलिकॉनचा असेल तर पाण्याचा प्रोटेक्टर त्यावर चिकटत नाही. तो जागोजागी गोळा होऊन वाळतो आणि पांढरे ठिपके पडतात.

थर नाही असं दिसलं, तर पुढची तयारी. नव्वद टक्के फसलेली कामं इथेच फसलेली असतात असं म्हणायला हरकत नाही. नव्या सोफ्यावर गोदामातली धूळ असते, जुन्यावर घाम, केसांचं तेल आणि शाम्पूचा उरलेला साबण. मळावर प्रोटेक्टर बसला की मळ धाग्याला कायमचा चिकटतो. साबणावर बसला तर थर धरतच नाही, कारण साबण पाणी ओढतो आणि प्रोटेक्टर ढकलतो. दोघांच्या भांडणात साबण जिंकतो. म्हणून व्हॅक्युम दोन दिशांनी करा, शिवणी आणि बटणांच्या खळग्यांत चिंचोळं नोझल घाला. सोफा आधी शाम्पूने धुतलेला असेल तर १ लिटर कोमट पाण्यात ३० मिली पांढरं व्हिनेगर घाला. त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा नको, कापड अल्कधर्मी राहिलं तर थर कच्चा बसतो. कपड्यांचं सुगंधी कंडिशनरही नको, त्याचा मऊ थर प्रोटेक्टरला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाही.

पुढे कापड किती ओलं असावं हे डब्यावर ठरतं. सॉल्व्हंटच्या प्रोटेक्टरला कापड पूर्ण कोरडं लागतं, हात लावून गार लागलं तरी थांबा. पाण्याचा प्रोटेक्टर मात्र नुकत्याच धुऊन पाणी ओढून घेतलेल्या दमट कापडावर चालतो, व्यावसायिक तसाच मारतात. अट एकच, पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं नको, नाहीतर औषध पातळ होऊन फोममध्ये उतरतं.

रंगाची चाचणी टाळू नका. उशीच्या चेनच्या आतल्या पट्टीवर फवारा, १० मिनिटांनी पांढरं फडकं दाबून धरा. रंग उतरला तर थांबा. नाही उतरला तरी २४ तास वाळू द्या आणि उजेडात शेजारच्या कापडाशी ताडून बघा. काही कापडं सावळी पडतात, ते ओलं असताना कळत नाही.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या तयार प्रोटेक्टरला साधारण १० मिली प्रति चौरस फूट धरा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्याचं ऐका. ८ बाय १० चा गालिचा म्हणजे ८० चौरस फूट, ८०० मिली. तीन जणांच्या सोफ्याची बैठक, पाठ, हात, मागची बाजू आणि उशांच्या कडा धरून ८० ते १०० चौरस फूट होतात, म्हणजे ८०० मिली ते १ लिटर. शनीलसारखं जाड कापड थोडं जास्त पितं. ४०० मिलीच्या एका स्प्रे-डब्यात अख्खा सोफा होतो असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तेवढ्यात फारतर बैठक आणि हात होतात.

फवारायला हातातली घोडा दाबून फवारायची बाटली पुरत नाही. एका दाबाला जेमतेम १ मिली निघतं, म्हणजे सोफ्याला ८०० ते १००० वेळा दाबायचं. शंभराव्या दाबानंतर हात दुखतो आणि थर कमीजास्त होतो. २ लिटरचा हाताने हवा भरायचा पंप घ्या आणि त्याला पंख्यासारखा सपाट फवारा देणारं नोझल लावा. कृषी सेवा केंद्रात तणनाशकासाठी मिळतं ते चालतं, पण सगळ्यात बारीक छिद्राचं मागा. पंप मात्र नवाच हवा. तणनाशक वापरलेला कितीही धुतला तरी घरातल्या सोफ्यावर नको.

मग पंपात साधं पाणी भरा, बादलीत ३० सेकंद फवारा आणि मापाने मोजा. ३०० मिली निघालं तर सेकंदाला १० मिली, म्हणजे एका चौरस फुटाला एकूण एक सेकंद. ते दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, वाटायचं: पहिल्या हाताला अर्धा सेकंद, दुसऱ्याला अर्धा. हे पाच मिनिटांचं मोजमाप कोणी करत नाही, आणि मग ‘माझ्याकडे अर्धा डबा उरला’ किंवा ‘सोफा चिकट झाला’ अशा तक्रारी येतात.

सोफा भिंतीपासून ओढा. लाकडी पाय आणि पट्ट्यांना मास्किंग टेप लावा, खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्रं पसरा. हे लाकडाच्या पॉलिशपेक्षा फरशीसाठी महत्त्वाचं आहे. फवाऱ्याची धूळ फरशीवर बसली की ती निसरडी होते आणि पडेपर्यंत कळत नाही. सुटणाऱ्या उशा काढून वेगळ्या मारा. नोझल १५ ते २० सेंटिमीटरवर धरा. पहिला हात आडवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत. दुसरा हात उभा. सुरुवात मागच्या बाजूने करा, हात बसला की मग समोर या. फवारताना थेंब ओघळायला लागले तर जास्त होतंय. कापड ओलसर दिसलं पाहिजे, भिजलेलं नाही. प्रत्येक भाग झाला की मऊ ब्रशने किंवा कोरड्या पांढऱ्या फडक्याने हलक्या हाताने एका दिशेने फिरवा, म्हणजे औषध धाग्याच्या बाजूंनाही लागतं. मखमलीला हे लवेच्या दिशेनेच करायचं. उलट फिरवून वाळली तर बसक्या जागेसारखे काळपट चट्टे दिसतात, मग वाफ देत बसावं लागतं.

बैठकीचा पुढचा काठ, हातांचा वरचा भाग आणि पाठीचा डोकं टेकतं तो पट्टा, या तीन जागांना वाळल्यावर तिसरा हलका हात द्या. मागच्या बाजूला एक हात पुरे.

गालिच्याला पद्धत तीच, फक्त लव दोन्ही दिशांनी विंचरायची. दाराच्या विरुद्ध कोपऱ्यातून सुरू करून मागे मागे सरकत या. जाड लवेच्या गालिच्यात औषध टोकाच्या वरच्या एक तृतीयांश भागात बसलं तरी पुरतं. बुडापर्यंत पोहोचवायच्या नादात तळाचं रबरी लेटेक्स ओलं होतं, मग गालिचा वास मारतो.

वाळायला हवा खेळती हवी. कोरड्या हवेत ४ ते ६ तासांत हाताला कोरडं लागतं, पण थर पक्का व्हायला २४ तास धरा. तोवर बसायचं नाही, चालायचं नाही. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका. हवाच इतकी ओली की फोममध्ये उतरलेलं पाणी दोन-तीन दिवस निघत नाही आणि कुबट वास धरतो. दसऱ्यानंतर दिवाळीच्या साफसफाईत करा. ऑक्टोबरची उष्णता या कामाला देवाने दिलेली आहे. पावसाळ्यात करणं भागच असेल तर पंखा पूर्ण वेगात, एसी ड्राय मोडवर आणि उशा उभ्या करून ठेवा.

सुरक्षिततेत लोक फसतात ते स्प्रे-डब्याला. त्यातला दाबाचा वायू बहुतेक वेळा ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. देवघरातली समई, उदबत्ती, गॅस, सगळं आधी विझवा आणि बंद खोलीत मारू नका. दुसरी गोष्ट श्वासाची: या द्रवाची अतिबारीक धुकं फुफ्फुसात गेली तर तिथेही ती पृष्ठताण बिघडवतात. बंद जागेत वॉटरप्रूफिंग स्प्रे वापरून फुफ्फुसाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. पाण्याच्या औषधाला एन-९५ मास्क आणि चष्मा, सॉल्व्हंटला वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा मास्क. मुलं, पोपट-लव्हबर्ड आणि माशांची टाकी दुसऱ्या खोलीत. टाकी हलत नसेल तर झाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

काम झाल्यावर काही बिघडलंच तर कारण बहुतेक वेळा यातलं असतं. गडद कापडावर पांढुरकी भुकटी दिसली, तर थर जाड झाला किंवा डबा हलवला नव्हता. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्युम करा, उरलं तर ओलसर फडक्याने पुसा. कापड कडक किंवा चिकट लागलं तर तेच कारण, पण उपाय म्हणजे कोमट पाण्याने पुसून पुन्हा वाळवणं. एकाच सोफ्यावर पाणी कुठे थांबतं कुठे मुरतं, असं झालं तर तिथे जुना साबण राहिला आहे. गोल कडेचे डाग आले तर औषधाचा नव्हे, कापडातला मळ पाण्याबरोबर वर आला, म्हणजे सफाई अपुरी झाली.

आता हळद. फोडणीचं वरण गरम सांडलं तर उष्णता, तेल आणि हळद तिन्ही एकदम हल्ला करतात. गरम द्रव थर भेदून आत जातो, आणि हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. चमच्याने घट्ट भाग उचला, कडेकडून मध्याकडे पांढऱ्या फडक्याने टिपा, घासू नका. साबण लगेच लावू नका. अल्कधर्मी साबणाने कुर्कुमिन लालभडक होतं आणि घरचे घाबरतात. आधी तेल काढायला इस्त्रीवाल्यांकडचं डाग काढायचं सॉल्व्हंट फडक्यावर घेऊन टिपा, तेही आधी लपलेल्या जागी बघून. उरलेला पिवळा रंग कापड उन्हात ठेवता आलं तर बराच उडतो. उशीचं कव्हर निघत असेल तर एक-दोन दुपार पुरतात. प्रोटेक्टर असताना तो रंग फिका उमटतो, उमटत नाही असं नाही.

खोबरेल तेलाचं वेगळंच असतं. ते सांडत नाही, रोज डोकं टेकून थोडं थोडं दाबलं जातं. दाब आणि अंगाची ऊब मिळून कुठलाही थर महिन्या-दोन महिन्यांत हरतो. पाठीच्या वरच्या कडेवर धुवायचा नॅपकीन टाकणं हाच त्यावरचा उपाय.

रोजच्या वापरात बैठक आणि हातांवरचा थर ६ ते १२ महिने टिकतो, घासून जातो म्हणून. पाठ आणि बाजू त्याहून बऱ्याच टिकतात. गालिच्यावर सोफ्याच्या खालचा भाग दोन वर्षांनीही ठीक असतो, दारासमोरची वाट सहा महिन्यांत गेलेली असते. म्हणून अख्खा सोफा पुन्हा मारू नका. दर चार महिन्यांनी त्या तीन-चार जागांवर पाण्याचा थेंब टाका. १० सेकंदांत मुरला तर तेवढीच जागा साफ करून दोन हात द्या. मशीनने धुऊन घेतलात तर मात्र पुन्हा सगळीकडे मारावं लागतं. उरलेलं औषध मूळ डब्यातच, घट्ट झाकण लावून, उन्हापासून लांब ठेवा. पुढच्या वेळी हलवल्यावर दही फाटल्यासारखे कण दिसले तर ते वापरू नका. बेसिनमध्येही ओतू नका, भुसा किंवा जुन्या चिंध्यांत जिरवून वाळवा आणि घरच्या घातक कचऱ्यात वेगळं द्या. पंप लगेच कोमट पाण्याने धुऊन नोझल काढून ठेवा. आत वाळलेला थर नंतर कशानेही सुटत नाही.